हवेच्या टाकीसह पिकअप सुनेच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा टायरदुरुस्तीचा, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मर्जीने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

राहते घर मुलाला व सुनेला मिळून द्यावे. मागची खिडकी लागत नाही, ती मुलाने दुरुस्त करावी. करतो करतो म्हणून केस पिकत आले त्याचे. बँकेतली शिल्लक मुलीची. तिने ती स्वतःवर खर्च करावी, जावईबापूंच्या नव्या धंद्यांवर नाही. जावई स्वभावाने चांगले आहेत, फक्त त्यांना सुचते फार.

आता पिकअप. ती गाडी, इंजिनावर बसवलेला कंप्रेसर, खाली टांगलेली हवेची टाकी, नळ्या आणि हवेवर चालणारा पाना यांसह संपूर्णपणे सुनेची. मुलगा यावर हक्क सांगणार नाही. तो शाळेत चित्रकला शिकवतो, ग्रीसचा वास आला की त्याला जेवण जात नाही. धाकटे दीर कदाचित सांगतील, म्हणून कारण लिहून ठेवते.

हे गेले, आणि पाठोपाठ दुकानाची जागा मालकाने परत घेतली. पिकअप घेऊन रस्त्यात अडलेल्या गाड्यांची चाके बदलायची, असे मी ठरवले. दीर म्हणाले, "वहिनी, पिकअप विकून टाका. ट्रकचे नट बायकांच्या हाताने सुटत नाहीत." बोलणे झोंबले, पण खोटे नव्हते. मी पान्याला पाइप जोडून त्यावर उभी राहिले होते, तरी नट हलला नव्हता.

सून तेव्हा नवी होती, घरात मोजकेच बोलायची. भांडी विसळता विसळता म्हणाली, "आई, हवेचा पाना घेतला तर हात कोणाचा आहे ते नटाला कळणार नाही."

"आणि हवा कुठून आणायची?"

"पिकअपचं इंजिन फिरतंच आहे ना? त्यालाच लावू कामाला."

हवा भरणारा कंप्रेसर इंजिनावर बसवायला वेल्डिंगवाल्याने ब्रॅकेट करून दिले. ते वाकडे बसले, कंप्रेसर फिरवणारा पट्टा उडाला. नळी सायलेन्सरजवळून नेली, ती वितळली. टाकी गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवली तर चाकांना जागा उरेना. मी नाद सोडला होता. सुनेने नाही. तिने ब्रॅकेट सरळ करून घेतले, नळी दुसऱ्या बाजूने फिरवली, टाकी हौद्याखाली टांगून घेतली. टाकी भरली आणि सेफ्टी व्हॉल्व्ह फुस्सकन सुटला, तेव्हा आम्ही दचकून एकमेकींना मिठी मारली. त्या दिवसापासून ती घरात बोलू लागली. अजून थांबलेली नाही.

पुढे एकदा चढावर टोमॅटोने भरलेला ट्रक चाक फुटून अडकला. आम्ही पोचलो तर ट्रक दिरांचा. ऊन तापत होते, माल नासायला आला होता. सुनेने पाना लावला, नट एकेक करून सुटले. दीर रस्त्याकडे बघत म्हणाले, "फोन ड्रायव्हरने लावला. तुम्ही याल हे मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर?"

त्यांनी एक टोमॅटो दाबून पाहिला. मग म्हणाले, "तरी बोलावलंच असतं, वहिनी. टोमॅटो कोणासाठी थांबतात?"

मला हसू आले, आणि इतक्या दिवसांचा राग तिथेच उतरला. माझी आरामखुर्ची दिरांना द्यावी. आले की तिच्यातच बसतात.

सुनेने हवेतल्या ओलाव्याचे टाकीत साठणारे पाणी रोज सोडावे, नाहीतर टाकी आतून गंजते. हे तिला माहीत आहे, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

वरील मजकूर सुनेला वाचून दाखवला. ती पिकअपखाली पडूनच ऐकत होती. म्हणाली, "सगळं ठीक आहे. पण ते 'माझ्या पश्चात' म्हणजे कधी?"

"ते कसं सांगणार?"

"मग सोमवार सोडून कधीही. सोमवारी खडीच्या खाणीवर डंपरची चाकं उतरवायची आहेत, मला एकटीला आवरणार नाहीत."

असे कलम चालत नाही, असे वकीलबाईंचे मत आहे. तरी मी ते घातले आहे आणि स्वतः पाळणार आहे.

साक्षीदार: वेल्डिंगवाले (सही), शेजारच्या शिंपीणबाई (सही)
लिहून ठेवणार: सुनेची सासू (सही)
स्थळ: घरासमोर, पिकअपच्या बॉनेटवर
दिनांक: पाच जून, शनिवार