बेकरीसमोरची पोकळी

मंगळवार, नऊ तारीख

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तोंड त्याहून जास्त कुरकुरतं, म्हणजे काळजी नाही. मी मात्र पार पिळून निघालेय. आठवडाभर आम्ही भर रस्त्यात यंत्र मांडून बसलोय. डोक्यात सतत गाड्यांची घरघर.

तू नेहमी चिडवतोस, "ताई, अणू खाली पाडायचा पगार देतात तुला?" देतात रे. गार केलेल्या अणूंचे दोन पुंजके, एक वर, एक खाली, एकदम सोडायचे आणि लेझरने त्यांचं पडणं मोजायचं. ट्रक गेला की यंत्र हादरतं, पण हादरा दोघांनाही सारखाच बसतो. वजाबाकी केली की निघून जातो. उरतो तो दोघांवरच्या जमिनीच्या ओढीतला फरक. खाली माती कमी, तर खालच्यावरची ओढ कमी, म्हणून फरकही कमी.

बेकरीसमोर तो कमी भरला.

मला पटेना. बसथांब्यावरच्या वर्दळीला दोष दिला, यंत्राला दिला, मदतनिसावर उगाच खेकसले. जागा बदलून पुन्हा मोजलं. तेच. बेकरीवाल्या बाई गरम पाव घेऊन आल्या. "सापडलं का काही?" म्हणाल्या. "बघतोय अजून," म्हटलं. त्यांची नातवंडं वरच्या मजल्यावर राहतात.

तू खणून घेतलास तो बोगदा त्याच रस्त्याखालून गेलाय. वरची माती पक्की आहे, अशी सही तू केलीयस. ती करताना तुझ्या मागे किती घाई लावली होती, तेही मला ठाऊक आहे.

काल तुला फोन केला. तू "साइटवर आहे, नंतर बोलू" म्हणालास आणि मला हायसं वाटलं. सांगितलं असतं, तर तू "दोन दिवस थांब" म्हणाला असतास. आणि मी थांबले असते.

म्हणून आज सकाळी महापालिकेला अहवाल देऊन टाकला. दुपारी त्यांनी भोक पाडून पाहिलं. डांबराखाली माणूस उभा राहील एवढी पोकळी. बेकरी रिकामी केली. रस्ता बंद झाल्याचं तुला कळलं असेलच. कोणामुळे, ते माझ्याकडून ऐक. आज फोन उचलत नाहीस, म्हणून आमच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती हे पाठवतेय.

चौकशीला बोलावतील. मी समोरच्या बाजूला बसलेली असेन. घाई कोणी लावली, ते लपवू नकोस. एकट्याने अंगावर घेऊ नकोस.

त्याआधी घरी ये. ओरड, भांड, पण जेवून जा. आईला अजून काही सांगितलेलं नाही. तुझ्याशिवाय सांगणार नाही.

त्या बाजूला बसूनही तुझीच,
ताई