मखरामागचा डबा

८ जुलै, मंगळवार
जयूचं ऑपरेशन झालं. पित्ताशय काढलं. खडे अकरा, ते बाटलीत घालून दिले. शिवाय एक प्लॅस्टिकचा डबा, त्यात औषधाच्या पाण्यात बुडवलेली पित्ताची पिशवी. डॉक्टर म्हणाले, अंकल, दीवार थोड़ी मोटी लगी, ये आज ही बायोप्सी के लिए लैब में दे देना. म्हटलं, आप निश्चिंत रहिए. विमा कंपनीच्या क्लेम सेक्शनमध्ये बत्तीस वर्षं काढली आहेत. वेळेचं महत्त्व मला सांगायला नको.
आज उशीर झाला. उद्या सकाळी दहा, लॅब. नक्की.

९ जुलै, बुधवार
महाकालच्या या गावात सिंहस्थाच्या नावाखाली रस्ता खणून ठेवलाय. लॅबची पाटी दिसत होती, तिथून परत फिरलो. डब्याला धक्के बसणं बरं नाही.
फ्रिजमध्ये नको, उद्या जयू घरी येईल. माळ्यावर गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे ठेवला. तिकडे गणपतीपर्यंत कोणी फिरकत नाही. गणपती २७ ऑगस्टला. भरपूर वेळ आहे.

११ जुलै, शुक्रवार
जयूनं विचारलं, डबा दिलात ना? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. हे खोटं नाही. ऑफिसात टेबलावर पडलेल्या फाइलला आम्ही हेच म्हणायचो.
आजपासून इथल्या हिंदी लोकांचा सावन. आपला श्रावण अजून दोन आठवड्यांनी. पण गावात राहायचं तर गावाचा मान ठेवायला हवा. सावनात असली वस्तू हातात घेऊन हिंडणं शोभत नाही.

१२ जुलै, दुपारी ३
नेटवर अभ्यास केला. पिशवीत गाठ का होते? बऱ्याच जणांना आधी खडे असतात. बायकांना जास्त. आपल्या उत्तरेच्या पट्ट्यात जास्त. सुरुवातीला लक्षण शून्य. कावीळ दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. गाठ नुसती आतल्या अस्तरात असेल तर पिशवी काढली की काम संपलं. पुढच्या थरात गेली असेल तर पुन्हा ऑपरेशन, यकृताचा तुकडासुद्धा काढतात. मोहरीच्या तेलावरही संशय आहे. घरात मोहरीचं तेल आजपासून बंद! जयू म्हणाली, आपण शेंगदाण्याचंच वापरतो. म्हटलं, तरीही बंद.
पुढचा मथळा ‘रुग्ण किती वर्षं जगतात’ असा होता. मोबाइलची बॅटरी संपत आली होती. चौसष्ट टक्के. बंद केला.

१३ जुलै, रविवार
इंदूरहून गौरी आली. एकुलती एक मुलगी, आईला बघायला आली, पण जयूनं मला लगेच माधव नगरला कचोऱ्या आणायला पिटाळलं. समोर तळलेल्याच हव्यात म्हणे. पाऊण तास लाइन. परत येतो तो गौरी निघालेली, खांद्याला भलीमोठी पिशवी. कचोरीला हातही लावला नाही.
स्टूल माळ्याखाली पडलं होतं. आजकालच्या मुलींना वस्तू जागेवर ठेवायची सवय नाही.

१४ जुलै, सोमवार
महाकालची पहिली सवारी. सावनात दर सोमवारी देवाची पालखी निघते. रस्ते बंद. सवारी आमच्या नानाखेड्याला येत नाही, लॅबकडेही जात नाही, पण गर्दीचा काही भरवसा नसतो.

१७ जुलै, गुरुवार
पेपर आता पॅसेजमध्ये वाचतो. चहाही तिथेच. वर माळा, खाली मी. सकाळचं फिरणं बंद आहे. जयू म्हणाली, घरात कोंडून का घेतलंत, जरा बाहेर जाऊन या. कसा जाणार? मी गेलो आणि कोणी वर चढलं तर? दुपारची झोपही खुर्चीतच. मान धरली आहे.
डबा नीट आहे ना, हे बघायला चढलो नाही. गुडघे.

२२ जुलै, मंगळवार
जयू तीन दिवस गौरीकडे गेली. हवापालट. एवढ्या लवकर प्रवास कशाला म्हटलं, तर गौरीनं गाडी पाठवली होती.
उत्तम संधी. सवारी नाही, पाऊस नाही, रस्ताही बुजवलाय. बारा वाजता चप्पल घातली. एक वाजता काढली. प्रश्न तत्त्वाचा आहे. कागद आल्याशिवाय काही घडलेलं नसतं. बत्तीस वर्षं मी लोकांना हेच सांगितलं, लोक समोर बसून रडायचे तरी सांगितलं. मी डबा दिला नाही तर कागद येणार नाही.
मला भीती वाटते. जयू नसेल तर या घरात मी काय करू? (हे वाक्य उद्या खोडणे.)

२५ जुलै, शुक्रवार
आपला श्रावण सुरू. म्हणजे आता दोन्ही सुरू.
जयू परत आली. कोपराच्या आतल्या बाजूला कापूस चिकटवलेला. म्हणाली, डास चावला. मी ताबडतोब दोन डझन कॉइल आणल्या. घरच्या तब्येतीकडे माझं बारीक लक्ष असतं.

४ ऑगस्ट, सोमवार
संकल्प. शेवटची, शाही सवारी झाली की दुसऱ्या दिवशी लॅब. यात बदल नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
शाही सवारी टीव्हीवर पाहिली. जयू म्हणाली, झाल्या की हो सवाऱ्या. म्हटलं, झाल्या. ती म्हणाली, मग? म्हटलं, मग आता गणपती.


१९ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी जयू म्हणाली, माळ्यावरची हिरवी बॅग काढून द्या, उद्या इंदूरला जायचंय. मी काढतो, मीच काढतो, म्हणत शिडी लावली. खाली तिनं शिडी धरली.
माळ्यावर चढून बसलो, मखराचं खोकं सरकवलं. डबा नव्हता. पाकीट होतं, इंदूरच्या लॅबचं. तारीख १९ जुलै.
म्हटलं, खाली येऊन वाचतो, चष्मा नाही. तिनं चष्मा वर दिला. आणि शिडी काढून घेतली. वाचल्याशिवाय लावणार नाही म्हणाली.
वाचलं. गाठ होती. स्नायूच्या थरापर्यंत गेलेली. खालून जयूनं बाकीचं सांगितलं. डबा गौरीनं नेला, मी कचोरीच्या लाइनीत असताना. पाकीट जयूनं ठेवलं, मी कॉइल आणायला गेलो तेव्हा. स्कॅन झालं, इतरत्र काही दिसत नाही. परवा दुसरं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, वेळेत सापडलं, आशा चांगली आहे.
म्हटलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, आजारही सांभाळायचा आणि तुम्हालाही, जमलं नसतं हो. तिथे खुर्चीत बसला होतात, बरे होतात.
मी माळ्यावर रडलो. मखराच्या खोक्याला धरून. तिनं शिडी लावली, पण उतरायला वेळ लागला.
संध्याकाळी हॉस्पिटलचा फॉर्म पाहिला. सोबत राहणारी व्यक्ती : गौरी. त्याखालचा दुसरा रकाना रिकामा. रिकाम्या रकान्याचा फॉर्म मी आयुष्यात पुढे सरकवला नाही. पेन काढलं, माझं नाव लिहायला घेतलं.
जयू म्हणाली, पेन्सिलनं लिहा.