अंडी, पडदा आणि तुमची विचारपूस

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच घातलाय, उरलेला मानून घ्या.) गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक. म्हणजे परवा दुपारी नव्हतं.

तुम्ही आमच्या उबवणी केंद्राला प्रोग्राम लिहून दिलात, तोच अंड्यांच्या कपाटांची ऊब सांभाळतो. तीन वर्षांत कधी बंद पडला नाही. परवा दोन वाजता वीज गेली, आली, आणि हीटर गार! चार हजार अंडी, एकोणिसावा दिवस, आत पिलांची टकटक सुरू झालेली. साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, ही खेप वाया गेली तर तू घरी. प्रोग्राम पुन्हा चालू करायचा, एवढंच काम. पण तिथल्या कॉम्प्युटरला सध्या पडदाच, म्हणजे मॉनिटरच, नाही (का नाही, ते विचारू नका). म्हणून ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून, तारेतून, हुकूम सोडला. उत्तर आलं की पडदा सापडत नाही, खिडकी कुठे उघडू? अहो, अंडी उबवायला खिडकी कशाला? पण तुम्ही हौसेने प्रोग्रामला पडद्यावर रंगीत खिडकी केलीत, ती उघडल्याशिवाय गडी हलेना. तुमचा फोन बंद. मी स्टोअरवाल्याला ओरडलो, पडदा आण, जीव जातोय! तो धावत गेला आणि साहेबांच्या दाराचा निळा पडदा कड्यांसकट घेऊन आला.

पारा सदतिसावरून पस्तिसावर. शेवटी आमच्या वायरमनबाई म्हणाल्या, कॉम्प्युटरशी खोटं बोला. एक छोटा प्रोग्राम असतो, तो हवेतच पडदा टांगतो. माणसाला न दिसणारा, पण कॉम्प्युटरला खरा वाटणारा. टांगला. तुमची खिडकी उघडली म्हणे, पण हीटर गारच. पाच मिनिटं, दहा, पंधरा. पारा चौतीस. मामा, खोटं कशाला सांगू, कपाटाला हात लावून रडलो. मग बाई म्हणाल्या, त्या न दिसणाऱ्या पडद्याचा फोटो तरी काढा. (निघतो! मलाही पटलं नव्हतं.) फोटोत तुमची खिडकी, आणि तिच्यावर एक चौकट: ‘नमस्कार! जेवण झालं का?’ खाली दोन बटणं, हो आणि नाही.

चार हजार जीव गारठतायत आणि तुमचा प्रोग्राम अंधारात विचारपूस करत ताटकळलाय! मी सकाळपासून उपाशी. खोटं बोलायची मला सवय नाही (कॉम्प्युटरशी नुकतंच बोललो ते सोडा), म्हणून तारेतून ‘नाही’ दाबलं. लगेच फोटो काढला. नवी चौकट: ‘मग आधी जेवून या.’ आणि प्रोग्राम बंद! पुन्हा सगळं पहिल्यापासून. पारा तेहतीस. या वेळी ‘हो’ दाबलं, आणि वर स्टोअरवाल्याच्या डब्यातला एक घास खरोखरच खाल्ला, उगाच विषाची परीक्षा नको. हीटर गुणगुणायला लागले तेव्हा तो घास घशाखाली उतरला.

आज सकाळपासून अंडी फुटतायत. चिवचिवाटाने कान किटले, पण तक्रार नाही.

तुमचा लाडका (अजून असेन तर) भाचा

ता. क. तो प्रश्न काढून टाका, हेच सांगायला लिहायला बसलो होतो. राहू द्या. परवा दिवसभरात जेवणाचं मला दुसऱ्या कुणी विचारलंच नाही.

आणखी एक ता. क. साहेब विचारतायत, कॉम्प्युटरचा पडदा गेला कुठे. तो आमच्या घरी आहे. हिला मालिका मोठ्या दिसाव्यात म्हणून मीच नेला. या कॉम्प्युटरला पडदा लागतच नाही, असं प्रोग्रामचे कर्ते म्हणून साहेबांना दोन ओळींत लिहून द्याल का? फक्त हो की नाही एवढंच कळवा. ‘नाही’ असेल, तर मी आधी जेवून घेतो.