डॅरेलची आई बाहेर बसली आहे

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
९ सप्टेंबर २०१२

ती. बाबांना प्रसादचा नमस्कार.

तुम्ही फोन घेत नाही म्हणून पत्र लिहितो आहे. माझ्या ऑफिसमधले गिरीश नागपूरला निघालेत, ते घरी आणून देतील. गिरिजा पहिलीत गेली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये देते. इकडचा उन्हाळा सरत आला. माझं काम नेहमीसारखंच, पण सध्या मी सुट्टीवर आहे. बीपीची गोळी वेळेवर घेत असालच. आई गेल्यापासून तुमची खबर सांगणारं कोणी उरलं नाही.

आश्लेषा घरी नाही.

पाच वर्षांपूर्वी तुमची लेक इकडच्या आर्मीच्या रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव दलात, गेली आणि तुम्ही तिच्याशी बोलणं टाकलंत. तेव्हा आम्ही म्हणालो होतो की महिन्यातून एक शनिवार-रविवार ड्रिल, बाकी तिची नेटवर्कची नोकरी आहेच. आम्हाला खरंच तसं वाटत होतं. मागच्या दिवाळीत तिच्या मिलिटरी पोलिस कंपनीला हुकूम आला. ती करंज्या तळत होती. फोन ठेवला, गॅस बंद केला आणि म्हणाली, "प्रसाद, अफगाणिस्तान."

मी म्हटलं, "नाही म्हण. पोर लहान आहे."

"सगळ्यांचीच पोरं लहान आहेत यार. माझ्या हाताखालची माणसं जाणार आणि मी राहू?"

कंपनी म्हणजे तरी कोण? दाताच्या डॉक्टरकडची रिसेप्शनिस्ट, दोन शिक्षक, मॉलमधला गार्ड, कॉलेजातली मुलं, आणि डॅरेल नावाचा एक स्कूलबस ड्रायव्हर. जानेवारीत एका हॉलमध्ये निरोप झाला. बँड होता, केक होता, बायका-नवरे भिंतीला टेकून उभे होते. सगळ्यांच्या दंडावर 'पोलिस' बघून गिरिजा घाबरली. "बाबा, इज आई इन ट्रबल? व्हाय आर द पोलिस टेकिंग हर?" डॅरेलनं ते ऐकलं. एवढा धिप्पाड माणूस, तिच्यासमोर उकिडवा बसला. "नो मॅम," म्हणाला, "शी इज अवर बॉस." गिरिजा हसली. मग बस आल्या.

टेक्सासमध्ये ट्रेनिंग झालं, तिथून कंदाहारजवळ. तिकडच्या पोलिस चौक्यांवर जायचं, त्यांच्या शिपायांना शिकवायचं, त्यांच्याबरोबर गस्त घालायची. रविवारी फोन यायचा. बोलायची कमी, गिरिजाचं ऐकत बसायची.

आश्लेषा जिवंत आहे, बाबा. हे वाक्य सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

ऑगस्टमध्ये त्यांच्या गाडीखाली सुरुंग फुटला. डॅरेल टपावरच्या गनमागे उभा होता, तो जागच्या जागी गेला. आश्लेषाचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आता ती बेथेस्डाच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये आहे. मी रोज तिथेच असतो. जखम भरते आहे, डॉक्टर समाधानी आहेत. पण ती बोलत नाही. "पाणी दे" आणि "लाइट बंद कर", एवढंच. गिरिजाला खोलीत येऊ देत नाही.

डॅरेलची आई वेस्ट व्हर्जिनियाहून बसनं येते. मुलाला पुरलं आणि पुढच्याच शनिवारी आली. तेव्हापासून दर शनिवारी. खोलीबाहेरच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसते. मला म्हणते, "आय जस्ट वाँट अ मिनिट विथ हर." आश्लेषा भिंतीकडे तोंड करते. "तिला जायला सांग. तो गेला आणि मी राहिले, कुठल्या तोंडानं भेटू?" संध्याकाळी ती बाई उठते, मला थँक्यू म्हणते आणि जाते. कशाचं थँक्यू?

काल ती गेल्यावर आश्लेषा पहिल्यांदा रडली. मला म्हणाली, "बाबांना विचार. गडचिरोलीहून आल्यावर ते काय करायचे?" आणि लगेच, "नको. विचारू नकोस."

गडचिरोलीत काय झालं मला माहीत नाही. तुमची पोलिस जीप उडाली, तुम्ही एकटेच परत आलात आणि घरात तो विषय काढायचा नाही, एवढंच आई एकदा बोलल्या होत्या. तुमचा तिच्यावरचा राग सोडा असं सांगायला मी कोण? पण मला तिच्यापर्यंत पोचता येत नाही. गिरिजाच्या वेळी काढलेला तुमचा व्हिसा अजून चालू आहे. जमलं तर या. नाही जमलं तर चार ओळी तरी तिला लिहा.

हात जोडून,
प्रसाद


नागपूर
१५ सप्टेंबर २०१२

आश्लेषा,

प्रसादचं पत्र मिळालं. गिरीश परवा परत निघतो आहे, त्याच्याजवळ हे देतो. मला लिहायची सवय पंचनाम्याची. तसंच लिहितो.

तू नववीत होतीस. आठवडी बाजाराचा बंदोबस्त संपवून आम्ही ठाण्याकडे येत होतो. जीपमध्ये पाच जण. सुरुंग मागच्या चाकाखाली फुटला. मी पुढे होतो, धानाच्या बांधीत फेकला गेलो. बाकीचे चौघे गेले. माझा उजवा कान तेव्हाच गेला. तुम्हाला वाटतं म्हातारपण.

बरा होऊन नागपूरला आलो तेव्हा त्या चौघांतल्या विष्णू हवालदाराची आई आपल्या क्वार्टरवर आली. दार तूच उघडलंस. तुझ्या आईनं साहेब घरी नाहीत म्हणून सांगितलं. मी आतच होतो. म्हातारी पायरीवर बसून राहिली. उन्हं कलली तरी उठेना, तेव्हा मी बाहेर आलो. शिव्या देईल, मारेल, असं धरून चाललो होतो. तिनं विचारलं, "साहेब, माह्या पोरानं सकाई काही खाल्लं होतं का जी?"

मी सांगितलं. पोहे खाल्ले, दोनदा मागून घेतले. चहात साखर कमी म्हणून कुरकुरला. मग तिनं विचारलं, गाडीत कोणाजवळ बसला होता, काय बोलत होता. बहिणीच्या लग्नाचं बोलत होता, तेही सांगितलं. तिनं सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग पदर सावरून उठली आणि गेली. मला दोष दिला नाही, माफही केलं नाही.

त्यामुळे मला बरं वाटलं असं समजू नकोस. अजून झोप नाही. हे जात नाही, तुला खोटं सांगणार नाही. पण त्या म्हातारीला काय हवं होतं ते मला कळलं.

तू वर्दी चढवलीस तेव्हा मी रागावलो नव्हतो. घाबरलो होतो. ते सांगता आलं नाही म्हणून बोलणंच बंद केलं.

गिरिजाला आत घे. तिला पाय बघू दे. न बघता पोरं त्याहून वाईट कल्पना करतात.

आणि बाहेर बसते ती बाई तू का वाचलीस हे विचारायला येत नाही. तिच्या मुलाची शेवटची सकाळ तुझ्याकडे आहे. जगात दुसऱ्या कोणाकडे नाही. ती तिची आहे, तिला देऊन टाक. रडू आलं तर रडून सांग, पण सगळं सांग.

मी तिकीट काढलं आहे, महिनाअखेरचं मिळालं. येत्या शनिवारपर्यंत पोचणार नाही. माझी वाट बघू नकोस, तिला आत बोलाव.

येतो आहे.
बाबा