दोन बाटल्या आणि पाचवं शील

दिग्रस,
मे १९५९

चि. धर्मपाल यास सत्यशीलाताईचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

नागपूरच्या उन्हात डोक्याला रुमाल बांधतोस ना? खानावळीत पोट भरतं का? इकडे सगळे सुखरूप आहोत, फक्त माझी अब्रू तुझ्या दोन बाटल्यांत अडकली आहे.

परीक्षेच्या प्रयोगांसाठी आणलेल्या त्या बाटल्या तू माझ्या फळीवर विसरून गेलास. परवा नागोरावभाऊजी (आपल्या बुद्धमंडळाचे चिटणीस; इंग्रजी अक्षर दिसलं की मोठ्याने वाचतात) बुद्धजयंतीची तयारी विचारायला आले आणि बाटल्यांवरची चिठ्ठी वाचून ओरडले, "अल्कोहोल!" पौर्णिमेला सर्वांना पंचशील देण्याचा मान यंदा माझ्याकडे आहे. मद्य वर्ज्य करा असं सांगणारीच्याच घरी, मिठाच्या बरणीशेजारी, अल्कोहोल! तासाभरात रुक्माबाई (म्हणजे त्यांच्याच मंडळी) चारचौघींना घेऊन हजर.

मी पडले मॅट्रिक. म्हटलं, प्रत्येक अल्कोहोल म्हणजे दारू नव्हे. दारू पाण्यात मिसळते, हे मिसळत नाही, पाहा. पेल्यात पाणी घेऊन पहिल्या बाटलीतलं ओतलं, तर तेलासारखं वर तरंगलं. रुक्माबाई म्हणाल्या, "हे तं तेलच व्हय वं माय!" तिथेच थांबायला हवं होतं. पण मी दुसरी उघडली. ती ओतली आणि पाण्यात अशी नाहीशी झाली की शोधून सापडेना.

"मंग हे कोणचं तेल?"

तेव्हा मी तू शिकवलेलं सांगितलं. दोन्हींच्या रेणूंचं वजन एकच. पण पाण्याचे रेणू एकमेकींचे हात धरून बसलेल्या बायांसारखे. मध्ये कोणी पाय पसरून बसली तर जास्त हात सुटतात, म्हणून पाणी तिला बाहेर ढकलतं. अंग चोरून बसली तर सामावून घेतं. तेल आणि पाणी दोन्ही पुढे ठेवलं तर पसरलेली तेलाकडे जास्त जाते, आखडलेली त्या मानाने पाण्यात जास्त राहते. (हे वासावरून दाखवताना जवसाचं चमचाभर तेल गेलं, हिशेबात 'विज्ञान' असं नवं खातं काढलं आहे.) रुक्माबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "म्हंजे पाय पसरून बसली थे निर्दोष, अन् अंग चोरून बसली थे दारूबाज?"

आता शनिवारी सभा आहे. मान काढून घ्यायचा की ठेवायचा, ते तिथे ठरेल. पहिल्या बाटलीतलंच दुसरीत भरून दाखवावं, असं एकदा मनात आलं होतं. पण पाचवं शील वाचवायला चौथं, खोटं न बोलण्याचं, मोडायचं, हे काही जमेना.

तुझी,
सत्यशीलाताई

ता. क. – हे सारं लिहिलं ते यासाठी, की शनिवारच्या आत मिळेल त्या मोटारीने ये आणि सभेला समजावून सांग.

ता. क. दुसरा – पत्र टाकायचं राहिलं आणि सभा होऊन गेली. पहिलाच प्रश्न रुक्माबाईंचा, "दारू पान्यात मिसयते, हे तुले कसं ठाऊक?" मी पुस्तकाचं नाव आठवू लागले. तेवढ्यात नागोरावभाऊजी म्हणाले, "मिसयते ना, पुरी मिसयते! वरून लिंबू पिळलं तं..." आणि थांबले. मग घाईघाईने, "दीक्षेच्या आधीची गोष्ट व्हय हे!"

"आधीची असन," रुक्माबाई म्हणाल्या, "तं लिंबू आजून कायले ध्यानात हाये?"

माझा विषय तिथेच राहिला. पंचशील मीच देणार आहे, तू अभ्यास कर. दुसरी बाटली मात्र कोणाच्या तरी हाती मागवून घे. ती 'मंडळाच्या ताब्यात' द्या म्हणून नागोरावभाऊजी कालपासून दोनदा येऊन गेले.