झोपलेले टेडी

लाडकी अलफिया,
खूप दुआ.

काल फोनवर तू म्हणालीस, "दादाजान, फोटो टाकला की तुमचे झोपलेले टेडीच आधी विकले जातात. काय डोकं चालवलंत!" मी नुसता हसलो. डोकं कसलं, बेटी? अंगठ्याएवढ्या टेडीच्या तोंडावर मण्यांचे दोन डोळे सरळ बसवायला मला आता दिसत नाही. मिटलेला डोळा म्हणजे एक काळा टाका. तो वाकडा गेला तरी खपतो.

आता तुझ्या येणाऱ्या बाळासाठी तुला उघड्या डोळ्यांचा टेडी हवाय. नाही कसं म्हणू? बोटांनी चाचपून मणी शिवले, उसवले, पुन्हा शिवले. शेजारच्या सुरुचीताईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "अहो चाचा, एक डोळा तुमच्याकडे बघतोय, दुसरा स्वारगेटकडे." मीही हसलो. पण बाळाला असा कसा देऊ? आणि तुला खरं सांगितलं तर तू ऑर्डरी घेणं बंद करशील. मग दिवसभर या हातांचं मी काय करू?

हे पत्र पाठवणार नाही. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. वाचायच्या आधीच तुला सगळं कळेल.

तुझे,
दादाजान