सहाव्या गाण्यातले शब्द

४ नोव्हेंबर, मंगळवार

हैदराबादच्या लॅबचं पत्र आलं! एक डिसेंबरला हजर व्हायचंय. बाबा खूश. आईने तर अर्ध्या कॉलनीत सांगूनही टाकलं. ठाऊक नाही ते फक्त मितेशला.

तीन वर्षं, सात गाण्यांचा अल्बम, आम्ही दोघंच — गिटार आणि मिक्सिंग त्याचं, शब्द आणि गळा माझा. पाच गाणी झालीत. आता कुठल्या तोंडाने सांगू, की नंतर मी नाही?

उद्या सांगते.

५ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

बोईसरला, मितेशच्या खोलीवर. पाचवं गाणं ऐकवलं — पुन्हा तेच! एवढा घुमारा, की माझा आवाज विहिरीच्या तळाशी. "शब्द कळायला नकोत का रे?" तर म्हणतो, "आपलं गाणं असंच हाय, स्नेहल. धुक्यात माणूस दिसतो, पन कोन ते समजत नाय." बोलायला हुशार! मी जीव काढून ओळी लिहायच्या आणि याने त्या बुडवायच्या. माझ्या इथल्या लॅबमधल्या ज्ञानेश्वरीला ऐकवलं तर म्हणाली, "छान आहे गं. पण भाषा कुठली?"

जानेवारीत पालघरला कार्यक्रम घेऊ, म्हणत होता. किती खुशीत! मी चहा पिऊन परत आले. भित्री मेली.

११ नोव्हेंबर

आज वेडेपणा केला.

सहावं गाणं, 'मनोर नाका'. चाल तयार, शब्द नव्हते. त्याला दुसऱ्या पाळीची बस गाठायची घाई — "गा काय पन, चाल पकडून ठेवू." बाहेरचा आवाज नको म्हणून डोक्यावर गोधडी घेऊन माइकपुढे बसले आणि तोंडातून निघालं, 'एक तारखेला मी इथे नसेन, तुला सांगायचं राहून गेलंय.' एकदा नाही, तीनदा! गोधडीत घाम फुटला. बाहेर आले तर हा हेडफोन काढत म्हणतो, "सूर मस्त लागला. हेच ठेवू." एवढंच!

तो शब्द ऐकतच नाही. तीन वर्षांत एका ओळीचा अर्थ विचारलेला नाही. सुटले म्हणायचं. मग एवढा राग का येतोय?

१४ नोव्हेंबर

एकच नमुना दोनदा तपासला. साहेब ओरडले. लक्षच नाही कशात.

१६ नोव्हेंबर, रविवार

सहाव्याचं मिक्सिंग ऐकलं. आजवर कधी नव्हता एवढा घुमारा! शब्द सोडा, माझा आवाज आहे की वारा तेच कळत नाही. त्यानेच विचारलं, "वर घेऊ आवाज? तूच मागं लागलेली." मी — मी! — म्हणाले, "नको, असू दे." तो वायरी गुंडाळायला लागला.

कार्यक्रमाचं आज काहीच बोलला नाही. बरंच झालं.

२१ नोव्हेंबर

सातवं झालं. शेअर रिक्षापर्यंत सोडायला आला. सांगणारच होते, देवाशपथ! तेवढ्यात चौथी सवारी आली नि रिक्षा सुटली.

२३ नोव्हेंबर

मितेशकडून अल्बम आला. सहावं गच्चीवर एकटीने ऐकलं. शेवटी माझा आवाज विरतो आणि एक ओळ येते, जी मी गायलेलीच नाही. मितेश! कधी गात नाही तो. बेसूर. घुमारा अजिबात नाही, अक्षर न् अक्षर कळतं —

"मला ठाव हाय. तू जा."